विमा-भरपाईचे अनाहूत फोन आल्यास काय करावे

ब्रिटनमध्ये कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचे, म्हणजेच पीपीआयचे, पैसे परत मिळवून देतो असे सांगणारा फोन आला, तर सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की अशा तक्रारींची मुदत २९ ऑगस्ट २०१९ रोजीच संपली असून त्यानंतर केवळ अपवादात्मक परिस्थितीतच तक्रार विचारात घेतली जाते. शिवाय ८ सप्टेंबर २०१८ पासून, आपण संमती दिलेली नसताना भरपाई-दाव्यांसाठी असा फोन करणेच बेकायदा आहे.

म्हणून समोरच्या व्यक्तीला कंपनीचे पूर्ण नाव, एफसीए या वित्तीय नियामकाकडील नोंदणी क्रमांक आणि आपली संमती कधी व कशी मिळाली, हे शांतपणे विचारावे. उत्तरे टाळली गेली तर फोन ठेवावा. त्यात असभ्य काहीच नाही. उत्तरे मिळाली तरी नियामकाच्या संकेतस्थळावर नाव स्वतः तपासावे. जन्मतारीख किंवा बँक खात्याचा तपशील सांगू नये आणि ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून आगाऊ रक्कम तर मुळीच देऊ नये. घरातील वृद्धांना हे आवर्जून समजावावे, कारण ‘तुमची रक्कम मंजूर झाली आहे’ या वाक्यावर त्यांचा चटकन विश्वास बसू शकतो, याची मला खरोखर काळजी वाटते.

फोन थांबत नसतील तर टीपीएस या, नको असलेले विक्रीचे फोन टाळण्यासाठीच्या नोंदणी-सेवेत, आपला क्रमांक विनामूल्य नोंदवावा व माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करावी. दुसरा एखादा विमा खरोखरच फसवून विकला गेला असेल, तर मध्यस्थाशिवाय थेट विक्रेत्या कंपनीला लिहावे. आठ आठवड्यांत समाधान न झाल्यास वित्तीय लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.