जबडा दुखतोय, कानापाशी कटकट वाजतंय? आधी हे करून बघा

कानाच्या जरा पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा, बोटाखाली जे सरकतं ना तोच जबड्याचा सांधा, डॉक्टर लोक टीएमजे म्हणतात. हा नुसता बिजागरीसारखा फिरत नाही, तोंड मोठं उघडलं की पुढेही सरकतो, आणि आत एक छोटी गादी असते ती जागची जरा हलली की कट्ट वाजतं. नुसतं वाजतंय, दुखत नाही, तोंडही पूर्ण उघडतंय, तर काही करू नका. खूप जणांचं वाजतं.

दुखणं बऱ्याचदा सांध्यापेक्षा आजूबाजूच्या स्नायूंचं असतं. म्हणून कान दुखल्यासारखा वाटतो, कानशिलं ठणकतात, माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो आणि कानात काहीच सापडत नाही.

आता हे वाचताना तुमचे दात एकमेकांना टेकलेत का बघा. टेकले असतील तर अर्धं कारण तिथेच आहे. जेवताना नि गिळताना सोडलं तर दात टेकायचं कामच नाही, पण टेन्शनमधे, लॅपटॉपसमोर, गाडी चालवताना आपण तासन्‌तास आवळून बसतो. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकी टेकवलेली, ही जबड्याची आरामाची पोझिशन. मोबाईल हातात घेतला की चेक करायची सवय लावा. कंटाळवाणं आहे पण गोळ्यांपेक्षा हेच जास्त कामाला येतं.

सोबत थोडे आठवडे ऊस, कणीस, चिक्की, सुपारी, च्युइंगम बंद. भाकरी आमटीत कुस्करून खा, मऊ भात, खिचडी, उपमा चालेल, नुसत्या लिक्विडवर राहायची गरज नाही. वडापावला आ वासू नका, तुकडे करून खा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा म्हणजे तोंड फार उघडत नाही. गालावर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमधे गुंडाळून 15-20 मिनिटं, आणि दात आवळल्यावर गालाचा जो भाग टणक होतो तिथे बोटांनी हलका गोल मसाज. फारच ठणकत असेल तर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन मात्र अ‍ॅसिडिटी, किडनी, बीपीवाल्यांनी विचारूनच.

सकाळी उठल्यावर जबडा जड वाटत असेल किंवा घरचे म्हणत असतील की रात्री दात खातोस, तर डेंटिस्टला दाखवा (आणि हो, मोठ्या माणसाला जंताचं औषध देऊन हे थांबत नाही). ते दातांचं माप घेऊन नाइट गार्ड बनवतात, त्याने दातांची झीज वाचते, दुखणं जाईलच याची गॅरंटी नाही. ऑनलाइन मिळणारे रेडिमेड घेऊ नका, बसत नाहीत नीट. आणि पहिल्याच भेटीत कुणी दात झिजवून चावा (वरखालचे दात एकमेकांवर बसायची पद्धत) बदलू किंवा ऑपरेशन करू म्हणालं तर दुसरीकडे दाखवा, कारण झिजवलेला दात परत येत नाही आणि बहुतेकांचं दुखणं साध्या उपायांनीच कमी होतं.

तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात का बघा. जात नसतील, हळूहळू उघडणं कमी होतंय, तिखट लागलं की आग होते आणि गुटखा, मावा, सुपारीची सवय आहे, तर हा सांध्याचा प्रॉब्लेम नसून तोंडातली कातडी आखडण्याचा असू शकतो, त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, डेंटिस्टकडे याच आठवड्यात जा. जांभई देऊन तोंड उघडंच राहिलं तर जोर लावून मिटवू नका, सरळ हॉस्पिटल. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येतोय, कानशील दुखतंय, नजर अंधुक होतेय तर त्याच दिवशी दाखवा. आणि चालताना, जिना चढताना जबडा दुखतो किंवा सोबत छातीत दाब, घाम, धाप असेल तर ते हार्टचं असू शकतं, अशा वेळी गालाला शेक देत बसू नका, 108 ला फोन करा.