विहीर आटली? पावसावर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

फेब्रुवारीतच विहिरीनं तळ दाखवला की पारावर निकाल ठरलेला: औंदा पाऊसच कमी. कधी तो बरोबरही असतो. पण एका हेक्टर वावरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. पश्चिम विदर्भात 700-800 मिलिमीटर पडत असेल, तर आधी पाणी गेलं कुठं हे शोधायला हवं.

साठलं म्हणजे मुरलं असं धरू नका. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. काळी माती कोरडी असते तेव्हा भेगांतून पाणी भसाभस आत जातं. एक-दोन झडी झाल्या की ती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचा पाऊस वावरावरून वाहून जातो. अशा मातीत खणलेला पाझर खड्डा दिवाळीपर्यंत तुडुंब दिसला तर गावकरी खूश होतात. खरं तर तो मुरतच नाहीये, उन्हाची वाट पाहतोय. मे महिन्यात उघड्या पाण्यातून रोज सेंटिमीटरभर उडून जातं. मुरवायचं असेल तर मुरमाड माथ्यावर खणा. साठवून पिकाला द्यायचं असेल तर काळी माती चांगली. विहिरीच्या पाण्यानं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं भरणं तर निव्वळ उलटा धंदा आहे. जमिनीखालची तिजोरी फोडून पैसे उन्हात वाळत घालायचे.

नाला दिसेल तितका खोल करू नका. बेसाल्टच्या मुलखात वरची माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. विहिरींना पाणी देतो तो बहुतेक मुरूम आणि त्याखालचा भेगाळ दगड. पोकलेन लावून नाल्यातला गाळ काढला तर ठीक. पण मुरूम उकरून पाषाणापर्यंत गेलात, तर नाल्याचा तळ आजूबाजूच्या विहिरींच्या पाणपातळीखाली जातो आणि काठचा मुरूम नाल्यात झिरपून रिकामा होतो. ओळखायची खूण सोपी आहे: पाऊस थांबून पंधरा दिवस झाले, नाल्याच्या काठातून पाणी पाझरतंय आणि काठच्या विहिरी मात्र झपाट्यानं उतरताहेत. तिथं आणखी खोदायचं नाही. पुढं बांध घालून पाणी तुंबवायचं. आमदारांच्या हस्ते नारळ फुटतो तो मात्र खोलीकरणाचाच!

विहीर आटली की लगेच बोअर नको. मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात हेच झालं. बागा वाढल्या, उपसा पुनर्भरणाच्या पुढं गेला, बोअर खोल खोल जात राहिले. त्यात केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, नीट नसेल तर वरच्या थरातलं पाणी बोअरमधून खाली गळतं आणि शेजाऱ्याची विहीर फुकट जाते.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या भागात, हे उपाय जसेच्या तसे उचलू नका. तिथं खालचं पाणीच खारं. पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात धरून पिकाला पाण्याची एखादी पाळी देणं हाच शहाणपणा.

खोरं गावाच्या शिवेवर संपत नाही. वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, तापीही तिथलीच. एक बंगालच्या उपसागराकडं, दुसरी अरबी समुद्राकडं. आपल्या नाल्याचा माथा कुठं आहे, तिथलं झाड-गवत किती उरलंय, उताराला आडवी पेरणी होते का, हे न बघता पायथ्याला बंधारा बांधला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावांचं दुखणंही बरंचसं हेच. पाळ शाबूत असते, पण येव्यात, म्हणजे तलावात पाणी येण्याच्या वाटेवर, अतिक्रमण आणि पाट बुजलेले. पाळीची डागडुजी करून तलाव भरत नाही.

मोजल्याशिवाय बोलू नका. काठड्यापासून पाण्यापर्यंत दोरी सोडा, आकडा वहीत लिहा. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे एवढं पुरे. ऑक्टोबरातच पातळी खाली असेल तर पाणी मुरलंच नाही. ऑक्टोबरात वर आणि जानेवारीत रसातळाला, तर उपसा जास्त किंवा कुठंतरी गळती. दोन्हींवर इलाज वेगळे.

कोल्हापुरी बंधारा असेल तर पाऊस ओसरल्यावर, नाला वाहता असतानाच बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, टाका. पावसाळ्यात बसवून ठेवले तर गाळ साचतो, पूर काठ फोडतो. नाला आटल्यावर टाकले तर अडवायला उरतंच काय? बरग्यांमधल्या फटी बुजवायच्या राहू देऊ नका आणि उन्हाळ्यात ते ग्रामपंचायतीच्या कुलपात ठेवा, नाहीतर पुढल्या साली शोधत फिरावं लागतं.