जतच्या मुरमाड अंगणात देवबाभूळ

आमच्या सांगलीकडच्या जत भागात मोठा पाऊस येतो तो परतीचा. इथल्या अशा मुरमाड अंगणात मी आधी देवबाभूळच सांगते. दहा-पंधरा फुटांवर थांबते, थंडीत पिवळ्या गोंड्यांनी भरते आणि घमघमते. वेड्या बाभळीशी तिची गल्लत करू नका. वेडी बाभूळ अंगणात नकोच.

काळपट, फुगीर शेंगा गोळा करा. त्या आपणहून सहसा उकलत नाहीत, दगडाने फोडाव्या लागतात. आत चिकट गरात बियांच्या दोन ओळी असतात. बियांचं कवच फार टणक. उकळलेलं पाणी चुलीवरून उतरवून त्यात बी टाका, रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेलं बी तेवढं पेरा. पिशवी उंच घ्या, कारण सोटमूळ झपाट्याने खाली जातं आणि पिशवीत वेटोळं झालं की झाड कायमचं अडतं. रोप वीतभर झालं की लावा.

खड्डा उन्हाळ्यातच दोन फूट खोल खणून तापू द्या. रोप पायवाटेपासून लांब लावा, काटे दाभणासारखे असतात. शेजारी बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं पुरा. पहिला उन्हाळा मडकं भरत राहा, पुढे हात आखडता घ्या. रोज पाणी पाजलं तर मुळं वरवरच राहतात आणि झाड वाऱ्याला कलतं.

शेळ्यांनी खाऊ नये म्हणून बोरीच्या फांद्यांचं कुंपण हवंच. छाटणी बहर सरल्यावर, फक्त खालच्या फांद्यांची.