एमजीबी तापायची, दोष निघाला टायमिंगमध्ये

माझी 1972 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ऑक्सफर्डहून लंडनच्या मोटरवेला लागली की तापमानाचा काटा वरच्या टोकाला! रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, फरक शून्य. शेवटी व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणाऱ्या युनिटची) नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने हवा ओढून पाहिली. युनिटमधला रबरी पडदा शाबूत असता तर जीभ नळीला चिकटून राहिली असती. इथे हवा सरळ येत होती. त्यात मूळ टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडलेलं. ठिणगी उशिरा पडली की ज्वलन लांबतं आणि उष्णता एक्झॉस्टच्या बाजूने पाण्यात उतरते. नवं युनिट बसवलं. नळीचं तोंड बंद करून, पुलीच्या खाचेला खडू लावून स्ट्रोब (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) धरला आणि डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटणारा भाग) केसभर घड्याळाच्या दिशेने फिरवला. खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आली, इंजिनाचा आवाजच मोकळा झाला. बोल्ट आवळल्यावर टायमिंग पुन्हा तपासा, आवळताना डिस्ट्रिब्युटर बरेचदा सरकतो. आता काटा मधोमध!