पेडल हळूहळू खाली बसतंय? मास्टर सिलिंडर तपासा

इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल एकसारख्या दाबाने अर्धा मिनिट धरा. ते सावकाश खाली सरकलं आणि चाकं, पाइप, होज कोरडे असले, तर बहुधा मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाच्या) आतले सील गेलेत. पेडल स्पंजी लागून पंप केल्यावर कडक होत असेल तर आधी ब्लीडिंग करा, म्हणजे ब्रेक लाइनमधली हवा काढून बघा, उगाच सिलिंडर बदलू नका. ब्रेक ऑइल घटतंय पण गळती दिसत नाही? बूस्टरवरचे (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यावरचे) नट सोडून सिलिंडर जरा पुढे ओढा. मागे ओल असेल तर निकाल लागलाच.

नवा सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आडवा धरा, पोर्टच्या (ऑइल बाहेर पडायच्या तोंडांच्या) नळ्या टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळू दाबा. पाइपचे नट फ्लेअर स्पॅनरनेच (नटाला जवळपास सगळीकडून धरणाऱ्या पान्यानेच) सोडा, साध्या पान्याने त्यांच्या कडा झिजतात. पुशरॉडला (पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) किंचित मोकळीक हवीच, नाहीतर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत आणि तापतात.

मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (गाडीवरच्या वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) असलेल्या पिकअपचं ब्लीडिंग गाडीचं वजन चाकांवर ठेवूनच करा. ॲक्सल लोंबकळत असला तर मागे ऑइल नीट जात नाही. ऑइल झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, डॉट ३ किंवा डॉट ४. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.