कारागिराला ऑर्डर आषाढात द्या

अडचणीत आलेल्या कारागिरांसाठी काही करायचं ठरलं की सोसायटीत पहिली सूचना येते ती प्रदर्शनाची, आणि तेही दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. त्या आठवड्यात माल तसाही खपतो. खरी ओढाताण असते आषाढ-श्रावणात. ठाण्याच्या पावसात बांबू वाळत नाही, शाडूची मूर्ती दिवसचे दिवस ओलसर राहते, रस्त्यावरच्या पथारीचं गिऱ्हाईक आटतं. शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च नुकताच झालेला असतो आणि नेमका तेव्हाच दिवाळीसाठी कच्चा माल भरायचा असतो. हातात पैसे नसले की तो उधारीवर उचलला जातो आणि सणाची कमाई उधारी देणाऱ्याच्या गल्ल्यात जाते. म्हणून मदतीचे महिने जून ते ऑगस्ट.

ऑर्डर कशी द्यायची

घोडबंदर रस्त्यावर दोनशे-तीनशे फ्लॅटच्या सोसायट्या भरपूर आहेत. दिवाळीला सभासदांना, सुरक्षारक्षकांना, सफाई कामगारांना काहीतरी दिलं जातंच. ते घाऊक बाजारातून आणण्याऐवजी बुरुडाकडून परड्या, कुंभाराकडून पणत्या, चित्रकाराकडून रंगवलेल्या कापडी पिशव्या घ्यायच्या असतील, तर आधी दिवसाला किती नग होतात ते विचारा. ‘कधी मिळेल?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: ‘होऊन जाईल.’ समजा दीडशे पिशव्या हव्यात आणि दिवसाला सहा होतात. म्हणजे कामाचे २५ दिवस. मधले सण, आजारपण, रंग न वाळण्याचे दिवस आणि पॅकिंग धरून ४० मोजा. त्याआधी नमुना आणि सोसायटीची मंजुरी यात दोन-तीन आठवडे सहज जातात.

नमुन्याचे पैसे द्या, ऑर्डर नक्की झाली नाही तरी. नमुना पसंत पडल्यावर निम्मी रक्कम आगाऊ, निम्मा माल तयार झाला की ३० टक्के, उरलेले २० टक्के माल ताब्यात घेताना त्याच दिवशी. निम्मी आगाऊ देण्यामागे साधा हिशोब आहे: तेवढ्यात कच्चा माल येतो आणि घरखर्चाचे पहिले पंधरा दिवस निघतात. १० टक्के बयाणा देऊन यातलं काहीच होत नाही.

सगळं एका व्हॉट्सॲप संदेशात लिहा आणि समोरच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्या. नग, माप, रंग, दर, हप्ते, तारीख, टेम्पोचं भाडं कोणाचं, आणि हाताच्या कामात फरक किती चालेल हे त्यात हवं. बोलणी बिघडतात ती बहुतेक वेळा दोन जागी. एक, काम अर्ध्यावर असताना कोणाला तरी पिशवीवर सोसायटीचं नाव हवंसं वाटतं. दुसरं, चेकवर सही करणारे दोघेही गावी गेलेले असतात. म्हणून कार्यकारिणीचा ठराव, रक्कम आणि सह्या हे सगळं ऑर्डरच्या आधी उरका.

वारली चित्रांच्या बाबतीत एक सावधगिरी. या चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, तरी यंत्रावर छापलेला माल सर्रास ‘हाताने रंगवलेला’ म्हणून विकला जातो. दोन नग शेजारी ठेवा. आकृत्या, रेषेची जाडी, ठिपक्यांमधलं अंतर हुबेहूब सारखं असेल तर तो छाप आहे. छापील माल घ्यायला हरकत नाही, पण तो कारागिराला आधार म्हणून मोजू नका.

दर कसा वाचायचा

घासाघीस करण्याआधी एका पिशवीचा हिशोब करून बघा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या कारागिराला विचारून बदला. कोरी पिशवी ७० रुपये, रंग १०. दीड तासाचं काम, तासाला १२० रुपये धरले तर १८०. झाले २६०. वाया गेलेले नग, ब्रश, प्रवास यांसाठी १५ टक्के, म्हणजे ३९. स्टॉलचं भाडं दिवसाला १,५०० आणि विक्री तीस पिशव्यांची, तर नगामागे ५०. एकूण ३४९, म्हणून किंमत ३५०. आता ही पिशवी कोणी २०० ला मागितली तर कापड, रंग, घट आणि भाडं यांतला एक रुपयाही कमी होत नाही. कमी होते ती मजुरी: दीड तासाचे ३१ रुपये. पैसे वाचवायचेच असतील तर नक्षी साधी करायला सांगा. वेळ कमी लागेल आणि दर रास्त राहून खाली येईल.

दुकानदारांनीही ‘विकलं तर पैसे’ या बोलीवर माल ठेवण्याऐवजी थोडा घ्यावा पण रोखीने घ्यावा, भले ३० टक्के सूट मागून. बोलीवरच ठेवायचा असेल तर नगांची यादी, तीस दिवसांची मुदत आणि फुटतुटीची जबाबदारी दुकानाची, हे कागदावर हवं.

प्रदर्शन करायचंच असेल तर

दहा-बारा स्टॉल पुरे, आणि एका प्रकारच्या मालाचे दोनाहून जास्त नकोत. पगारानंतरचा पहिला शनिवार-रविवार, संध्याकाळी ५ ते ९. भाडं किंवा टक्केवारी घेऊ नका. घ्यायचीच वेळ आली तर वीज-सफाईपुरती. पोडियमवर आणि तळघरात मोबाइलची रेंज जाते, यूपीआय अडकतं आणि गिऱ्हाईक ‘वर जाऊन येतो’ म्हणून जातं ते जातंच. क्लबहाउसचं वायफाय त्या दोन दिवसांसाठी कारागिरांना खुलं करा. सामानाच्या लिफ्टची आणि टेम्पोची परवानगी गेटवर आदल्या दिवशी लेखी द्या. नवी मुंबईकरांना सिडकोचं अर्बन हाट सीबीडी बेलापूरला आहेच. तिथे शनिवार-रविवारपेक्षा आडवारी गेलात तर कारागिराशी निवांत बोलता येतं आणि पुढची ऑर्डर तिथेच ठरते.

कोरडी खोली

पैशांइतकीच, कधी त्याहून जास्त उपयोगी पडणारी मदत म्हणजे जून ते सप्टेंबर एखादी कोरडी खोली. दहा बाय दहाची असली तरी चालेल. माल जमिनीपासून चार बोटं वर फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचा, पंखा चालू. बांबू किंवा कागदी पुठ्ठा प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका. आतली ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. बांबूच्या वस्तूखाली पिवळसर भुकटी दिसली तर पोरकिडा लागला आहे. तो नग लगेच वेगळा काढा.

कागदपत्रं

इथे एक तास शेजारी बसणारा माणूस लागतो, व्याख्यान देणारा नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर होते आणि मोफत आहे; तिचे पैसे मागणारा एजंट असेल तर त्याला वाटेला लावा. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. कुंभार, मूर्तिकार, टोपल्या-चटया विणणारे, पारंपरिक खेळणी करणारे, शिंपी त्यात बसतात. वारली चित्रकार त्या यादीत नाही, त्याच्यासाठी हस्तकला विकास आयुक्तांचं ‘पहचान’ ओळखपत्र बघायचं. विश्वकर्मात प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज मिळतं: आधी एक लाख, मग दोन लाख. कुटुंबातल्या एकालाच लाभ, तेव्हा नवराबायको दोघंही कारागीर असतील तर कोणाच्या नावाने भरायचं ते घरात आधी ठरू द्या.

अर्ज अडतो तो क्षुल्लक गोष्टींवर: आधारला जुना मोबाइल नंबर, बँकेतल्या नावाचं वेगळं स्पेलिंग. आणखी एक: पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. जव्हार, डहाणू, तलासरीच्या कलाकारांच्या आधारवर अजून ‘जिल्हा ठाणे’ असेल तर आधी ती दुरुस्ती करून घ्या.

कर्जाची शिफारस मात्र जपून करा. एक लाखाची फेड १८ महिन्यांची, हप्ता सुमारे ५,८०० रुपये, आणि तो पावसाळ्यातही भरायचा असतो. हातात ऑर्डर नसताना कर्ज काढायला लावणं ही मदत नव्हे.

ऐरोली-महापेच्या कंपन्या दिवाळी भेटींच्या मोठ्या ऑर्डरी देतात आणि पैसे मार्चपर्यंत लांबवतात. उद्यम नोंदणी इथे कामाला येते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ नुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. शिवाय वेळेत न दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. अकाउंट्स विभागाला हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा लवकर कळतं. नोंदणी ऑर्डरच्या आधीची हवी, आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक.

कलाकेंद्राचं भाडं

भाड्याच्या गाळ्यात चालणारं चित्रकलेचं, तबल्याचं, बालनाट्याचं केंद्र बंद पडतं ते विद्यार्थी नसल्याने क्वचित. दोन महिन्यांचं भाडं तुंबलं की पडतं. म्हणून आधी दर महिन्याचा न चुकणारा खर्च काढा: भाडं, विजेचा स्थिर आकार (तो वर्ग बंद असले तरी येतो), शिक्षकांचं मानधन. तो ३०,००० असेल तर ३०,००० देणारा एक दाता शोधण्यापेक्षा ५०० देणारे साठ शोधा आणि यूपीआय ऑटोपे लावून घ्या. साठातले पाच गळाले तरी केंद्र हलत नाही. पालकांनी तिमाही फी जूनमध्येच भरावी, आणि मे महिन्यात मूल गावी होतं म्हणून वजावट मागू नये. सकाळी ७ ते ११ गाळा रिकामा असतो. तो योगवर्गाला, भजनी मंडळाला तासावर द्या. हौशी नाट्यसंस्थांना तालमीची जागा मिळत नाही, हे गडकरी रंगायतनच्या आसपास कोणालाही विचारा. घरमालकाच्या करारात पोटभाड्याला मनाई आहे का, तेवढं आधी बघा.

देणगी घेणारी संस्था नोंदणीकृत असेल आणि तिच्याकडे ८०जी (दात्याला आयकरात सवलत देणारी मान्यता) असेल तर दात्याचा पॅन नंबर घेऊनच पावती फाडा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, वस्तूंनाही नाही, आणि नव्या करप्रणालीत दात्याला काहीच मिळत नाही. तेव्हा ‘टॅक्स वाचेल’ या जोरावर मागू नका. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळाला तर उत्तम, पण त्याच्या फायली हलेपर्यंत यंदाचं भाडं थांबत नाही. संचालकाच्या खासगी यूपीआयवर वर्गणी गोळा करणं सगळ्यात महागात पडतं, कारण घरखर्च आणि देणग्या एकत्र झाल्या की प्रामाणिक माणसावरही बोट दाखवलं जातं. वेगळं खातं उघडा आणि महिन्याच्या ५ तारखेला जमाखर्चाचा एक कागद दाराशी लावा.

अर्धे सुकलेले रंग आणि भाता फाटलेली पेटी केंद्राला भेट म्हणून पाठवू नका. दुरुस्तीचा खर्च त्यांच्यावर पडतो आणि नाही म्हणायची चोरी. काय हवं त्याची यादी मागा. बहुतेक वेळा त्यात पंख्याची दुरुस्ती, पाणी शोषणारं पायपुसणं आणि हिशोब लिहायला महिन्यातून दोन रविवार देणारा माणूस असतो.