जुन्या प्लेअरमधली गाणी आणि रेकॉर्डिंग संगणकात कशी उतरवावीत

नाशिकमधल्या कितीतरी घरांत कपाटाच्या कप्प्यात एखादा आयपॉड, वॉकमन किंवा बोटभर लांबीचा एमपी३ प्लेअर पडून असतो. त्यातली सिनेमाची गाणी आज फोनवर शोधली की मिळतात. पण त्याच प्लेअरवर कुणी पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेत दिंडीचे अभंग टिपलेले असतात, कुणी गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेतलं एखादं भाषण, कुणी ढोल पथकाचा सराव, कुणी आजीच्या ओव्या. ही रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. म्हणून दोन गोष्टी सुरुवातीलाच ठरवून टाका: रेकॉर्डिंग आधी, गाणी नंतर, आणि आधी सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, नावं लावणं आणि आवराआवर मागाहून.

आधी बॅटरी आणि केबल

प्लेअर बरीच वर्षं बंद असेल तर लगेच चार्जिंगला लावू नका. सपाट टेबलावर ठेवून कडेने नीट बघा. मागचं झाकण पोट आल्यासारखं वाटतंय, स्क्रीनची एक बाजू उचलली गेलीय, असं दिसलं तर बॅटरी फुगलेली आहे. मग तो दाबू नका, उघडू नका, चार्ज तर मुळीच करू नका. एम. जी. रोडच्या मोबाइल बाजारात चांगला दुरुस्ती करणारा गाठा आणि बॅटरी बदलून घ्या. प्लेअर हातात देतानाच बजावून सांगा, की आत महत्त्वाचं रेकॉर्डिंग आहे, फॉरमॅट मारायचं नाही.

केबलकडेही लक्ष द्या, कारण निम्म्या वेळा गाडी तिथेच अडते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांत डेटाच्या तारा नसतातच. प्लेअरवर बॅटरीचं चित्र हलतंय पण संगणक काहीच दाद देत नाही, हे त्याचं लक्षण. जुन्या एमपी३ प्लेअरना आजच्या फोनची केबल बसत नाही. त्यांना जाड तोंडाची मिनी यूएसबी लागते. जुन्या आयपॉडला रुंद, चपटी ३० पिनांची केबल लागते. डेस्कटॉप असेल तर केबल मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये थेट लावा, मध्ये हब नको. लॅपटॉप असेल तर उत्तम, कॉपी चालू असताना लाईट गेली तरी काम अडत नाही.

साधा एमपी३ प्लेअर आणि मेमरी कार्ड

हा सगळ्यात सोपा प्रकार. प्लेअर जोडला की 'धिस पीसी'मध्ये पेन ड्राइव्हसारखा नवा ड्राइव्ह दिसतो. आपल्या संगणकावर 'प्लेअर मूळ प्रत' नावाचं एक फोल्डर करा. आता प्लेअरमध्ये 'रेकॉर्ड' किंवा 'व्हॉइस' अशा नावाचं फोल्डर शोधा आणि ते सगळ्यात आधी कॉपी करा. ते उतरलं की बाकीचं सगळं निवडून कॉपी करा. 'कट' कधीही करू नका. अर्ध्यात केबल हलली तर कटच्या भानगडीत फाइल इकडेही नाही आणि तिकडेही नाही अशी गत होऊ शकते.

प्लेअरमध्ये किंवा जुन्या बटणांच्या मोबाइलमध्ये मायक्रो एसडी कार्ड असेल तर कार्ड काढून कार्ड रीडरमधून उतरवणं जास्त भरवशाचं.

काही प्लेअरना ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, ते फोनसारखे 'पोर्टेबल डिव्हाइस' म्हणून दिसतात. याला एमटीपी म्हणतात. कॉपी तिथूनही होते, पण फाइलची मूळ तारीख जाऊन आजची तारीख लागण्याची शक्यता असते. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी मोड' असेल तर तो एमएससी, म्हणजे पेन ड्राइव्हसारखा दिसण्याचा मोड, करून बघा. आणि गाणी भरली होती तितकी दिसत नसतील तर मोड बदलून पुन्हा जोडा. काही प्लेअरमध्ये एका मोडमध्ये भरलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये दिसतच नाहीत.

कार्डातल्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील, चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल, तर व्हायरस आहे. पूर्वी दुकानातून गाणी भरून आणलेल्या कार्डांत हा हमखास सापडतो. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. तुमची खरी फोल्डर बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त लपवलेली. आधी अँटिव्हायरसने कार्ड तपासा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स'ची खूणही काढा. फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील, त्यांतल्या गाण्यांच्या आणि रेकॉर्डिंगच्या फाइल तेवढ्या कॉपी करा.

आयपॉड: इथे घाई नको

आयपॉडमध्ये गाणी भरण्याचा ॲपलचा प्रोग्रॅम म्हणजे आयट्यून्स. आयपॉड एका वेळी एकाच संगणकाच्या आयट्यून्स लायब्ररीशी जुळतो. तो दुसऱ्या संगणकाला लावला की आयट्यून्स विचारतं, की आधीचं पुसून नव्याने सिंक करू, म्हणजे या संगणकातली गाणी भरू का? 'इरेज अँड सिंक'ला हो म्हटलं की आतली सगळी गाणी गेली. तिथे 'कॅन्सल' दाबायचं. आयट्यून्स आपोआप सुरू होत असेल तर विंडोजवर शिफ्ट आणि कंट्रोल, मॅकवर कमांड आणि ऑप्शन दाबून ठेवून आयपॉड जोडा, म्हणजे आपोआप सिंक होत नाही. माझं मत विचाराल तर ज्या संगणकावर आयट्यून्स टाकलेलंच नाही असा संगणक वापरा. धोकाच संपला.

क्लासिक, मिनी किंवा चाकाचा नॅनो असेल आणि ड्राइव्ह म्हणून दिसत नसेल तर त्याला डिस्क मोडमध्ये न्या. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून ठेवा, सफरचंद दिसलं की ती सोडून लगेच मधलं आणि प्ले बटण दाबून ठेवा.

ड्राइव्ह उघडला तरी गाणी दिसणार नाहीत, कारण ती लपवलेली असतात. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'हिडन आयटम्स'. आता 'आयपॉड कंट्रोल' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात 'म्युझिक', आणि त्यात एफ००, एफ०१ अशी ओळीने फोल्डर. आतल्या फाइलची नावं चार-चार अक्षरांची, काहीही अर्थ न लागणारी. घाबरू नका. गाण्याचं नाव, गायक, अल्बम ही माहिती फाइलच्या आत टॅगमध्ये असते, ती शाबूत आहे. पूर्ण 'म्युझिक' फोल्डर कॉपी करा, आणि ड्राइव्हवर 'रेकॉर्डिंग्ज' फोल्डर वेगळं असेल तर अर्थातच तेच आधी.

प्लेलिस्ट मात्र या मार्गाने येत नाहीत. त्या आयपॉडच्या पडद्यावर उघडून मोबाइलने एकेक फोटो काढून ठेवा. कुणाच्या तरी आवडीनिवडीची ती नोंद असते आणि पुन्हा जुळवताना फार उपयोगी पडते.

आयपॉड टच या पद्धतीत बसत नाही, तो ड्राइव्ह म्हणून गाणी दाखवतच नाही. त्यातली ॲपलकडून विकत घेतलेली गाणी त्याच खात्यातून पुन्हा उतरवता येतात. बाकीच्यांसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

आयपॉड असो की कार्ड, जोडल्यावर विंडोज म्हणालं 'ड्राइव्ह फॉरमॅट करा', तर करू नका. आयपॉड पूर्वी मॅकवर तयार केलेला असेल तर विंडोजला तो वाचता येत नाही, एवढाच अर्थ असू शकतो. ओळखीत कुणाकडे मॅक असेल तर तिथे जोडा. कार्ड खराब झालं असेल तर फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम फाइल शोधून काढतो, नावाने फोटोंचा वाटला तरी तो गाण्यांच्या फाइलही शोधतो. सापडलेल्या फाइल त्याच कार्डावर साठवायच्या नाहीत.

सगळं आलं का, हे तपासा

४ जीबीचा प्लेअर चहा होईपर्यंत उतरतो, १६० जीबीच्या क्लासिकला काही तास लागतात. झालं की प्लेअरवरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा, मग संगणकावरच्या फोल्डरचं बघा. फाइलची संख्या आणि 'साइझ' तंतोतंत जुळली पाहिजे. शेजारचा 'साइझ ऑन डिस्क'चा आकडा वेगळा असला तरी चालतो. फाइल अर्धवट आहे का हे ओळखायला एक हिशेब ध्यानात ठेवा: १२८ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो. पाच मिनिटांचं गाणं ७०० केबीचं असेल तर ते अपुरं आहे.

मगच 'इजेक्ट' करून केबल काढा.

नावं आणि आवराआवर

'मूळ प्रत' फोल्डरला हात लावायचा नाही. त्याची दुसरी प्रत करून तिच्यावर काम करा. आयपॉडच्या चार अक्षरी फाइलसाठी एमपी३टॅग हा मोफत प्रोग्रॅम चांगला. सगळ्या फाइल त्यात ओढा, 'कन्व्हर्ट'मध्ये 'टॅग - फाइलनेम' निवडा. साचा इंग्रजीत लिहायचा: टक्केचिन्हांच्या मध्ये आर्टिस्ट, मग आडवी रेघ, मग टक्केचिन्हांच्या मध्ये टायटल. एका झटक्यात शेकडो फाइलना नावं लागतात. दुकानातून भरलेल्या गाण्यांच्या टॅगमध्ये मात्र गायकाच्या जागी एखाद्या वेबसाइटचं नाव असतं. अशा वेळी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरा; तो फाइलमधला आवाज ताडून गाणं ओळखायचा प्रयत्न करतो. सिनेमाची प्रसिद्ध गाणी ओळखण्याची शक्यता बरी, गावातल्या भजनी मंडळाच्या कॅसेटवरून केलेली फाइल ओळखण्याची आशा धरू नका.

एमफोरए हाही एमपी३सारखाच गाण्याच्या फाइलचा एक प्रकार. अशा फाइल उगाच एमपी३मध्ये बदलू नका, प्रत्येक बदलात आवाज थोडा उतरतो. गाडीतल्या स्टिरिओला एमपी३च लागत असेल तर तेवढ्यापुरती वेगळी प्रत करा.

रेकॉर्डिंगला मात्र वेळ द्या. आरईसी००१, आरईसी००२ अशी नावं असतात आणि प्लेअरचं घड्याळ लावलेलं नसल्यामुळे तारखाही बहुधा खोट्या. एकेक फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये ऐका, घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवा आणि लगेच नाव द्या: 'त्र्यंबक यात्रा, दिंडीचे अभंग', 'मावशी, जात्यावरच्या ओव्या, पंचवटीचं घर'. आवाज कुणाचा हे सांगणारी माणसं आज घरात आहेत, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. ढोलाच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटलेला असतो, कारण छोट्या माइकला तो झेपत नाही. ऑडॅसिटी या आवाज सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये थोडीफार सुधारणा होते. प्रयोग प्रतीवरच करा.

शेवटी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर एकदा आणि क्लाउडवर किंवा नातेवाइकांच्या संगणकावर एकदा, असं दोन ठिकाणी ठेवा. दोन्ही प्रतींतल्या चार-दोन फाइल मधूनच उघडून ऐका. त्यानंतर हवं तर प्लेअर पुसा, कुणाला द्या. कामातून गेला असेल तर आत बॅटरी आहे हे लक्षात ठेवून घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.